दिव्यांशिवाय वाजणारं टेबल

"ह्याचे दिवे बंद होतात का?" राजलक्ष्मीनं विचारलं.

राजाजीनगरातल्या खेळण्यांच्या दुकानात शिवकुमारनं नुकतंच एक जांभळं टेबल काउंटरवर ठेवून चालू केलं होतं. चार बुटके पाय, वर पियानोच्या पट्ट्या, एका कोपऱ्यात ढोल, दुसऱ्यात गरगर फिरणारं चक्र. पट्टी दाबली की हत्ती ओरडायचा आणि त्याच्या पोटात लाल दिवा लागायचा.

"दिवे कशाला बंद करायचे, मॅडम?" शिवकुमार कानडीत म्हणाला. "मुलं दिव्यांनाच तर भुलतात."

"ते कळलं. नुसता आवाज येतो का, ते सांगा."

"लोक उलटं मागतात. आवाज बंद करून नुसते दिवे. दिवसभर हत्ती ओरडला की घरच्यांचं डोकं उठतं ना! नुसता आवाज मागणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

राजलक्ष्मीनं पट्टी दाबून टेबलावर तळहात ठेवला. मग टेबल खाली फरशीवर ठेवायला लावलं आणि वाकून फरशीला हात लावून बघितला.

"हे हादरतं," ती म्हणाली.

"ढोल आहे मॅडम. थोडं हादरणारच."

"हादरायला नको."

"सरी," शिवकुमार म्हणाला. ह्या 'सरी'चा अर्थ 'बरं' असाही होतो आणि 'झालं का तुमचं?' असाही. राजलक्ष्मीला तो कळला, पण ती हलली नाही. आठवड्यातलं हे तिचं चौथं दुकान होतं.

राजलक्ष्मीला बरोबर घेऊन खरेदीला जाऊ नये, असं तिच्या नात्यातली सगळी माणसं म्हणत. साडी घ्यायला गेली तर दुकानदाराचा गठ्ठा सोडून घेणार, प्रत्येक पदर उजेडात धरणार आणि शेवटी काही न घेता बाहेर येणार. लग्नाच्या वेळीही तिनं तेच केलं, असं तिची मावशी म्हणायची. तीन मुलगे हिनं नाकारले, चौथ्यानं हिला नाकारलं, मग विषयच संपला. खरं म्हणजे विषय आई गेल्यावर संपला होता. तेव्हा धाकटा भाऊ रविकिरण शाळेत होता, आणि त्याचा डबा, त्याची फी, त्याचे ताप हे सगळं राजलक्ष्मीकडे आलं होतं. पण मावशीला पहिली गोष्ट सांगायला मजा यायची.

पीण्या भागातल्या एका कपड्याच्या कारखान्यात ती पंचवीस वर्षं चेकिंगला होती. समोर शर्ट येणार, ती कॉलर, काखा, बटणपट्टी बघणार आणि जिथं टाका सुटला असेल तिथं लाल बाणाचा छोटा स्टिकर चिकटवणार. चांगल्या शर्टाला स्टिकर नसतो. तो नुसता पुढं जातो. घरीही तिची नजर तशीच फिरायची. भिंतीवरचं कॅलेंडर एका बाजूला कललेलं, आमटीत मीठ चिमूटभर जास्त, पाहुण्याच्या पायमोज्याला भोक. जे चांगलं असे त्याबद्दल ती काही बोलत नसे. त्यामुळं तिला चांगलं काही दिसतच नाही, असा सगळ्यांचा समज झाला होता.

दीड वर्षापूर्वी रविकिरण आणि त्याची बायको वीणा येलहंक्याला नवीन फ्लॅटमध्ये राहायला गेले. वीणा निपाणीकडची. घरात मराठी आणि अंगणात कानडी बोलत वाढलेली, हसरी, पण पटकन मनाला लावून घेणारी. मुलगी झाली तेव्हा बारशाला राजलक्ष्मीच आत्या. पाळण्यात वाकून तिनंच बाळाच्या कानात 'कुर्रर्र' केलं आणि 'निधी' हे नाव सांगितलं. मागं उभ्या असलेल्या बायकांनी रीतीप्रमाणं तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. त्यातल्या एकीनं जरा जोरातच घातला. बाळ छताकडं बघत होतं. पापणीही हलली नाही. "आत्याला घाबरत नाही बघा ही!" कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. राजलक्ष्मीही हसली.

दोन महिन्यांनी तिनं वीणाला सांगितलं, "हिचं डोकं मागून एका बाजूला चपटं होतंय. कूस बदलत जा तिची."

वीणा आत जाऊन रडली. रात्री रविकिरणचा फोन आला. "अक्का, तुला माझ्या मुलीत बघायला खोटच सापडली का? ती शर्ट नाही."

त्यानंतर कितीतरी रविवार त्यांनी तिला बोलावलं नाही. मग आपोआप सगळं सुरळीत झालं. डोकंही गोल झालं. पण राजलक्ष्मीनं मनाशी ठरवून टाकलं की निधीबद्दल आता एक अक्षर बोलायचं नाही. पोरगी छान आहे म्हणायचं आणि चहा प्यायचा.

आणि ती ते पाळत होती. मागच्या महिन्यापर्यंत.

त्या रविवारी सगळे जेवायला बसले होते. येलहंक्याला विमानतळ हवाई दलाचा. सरावाची विमानं इतकी खालून जातात की ताटातली वाटी थरथरते. तसं एक गेलं. बाल्कनीतला कावळा उडाला, खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं, रविकिरणनं बोलता बोलता तोंड मिटलं. निधी सतरंजीवर बसून चमच्यात आपलं तोंड बघत होती. ती बघतच राहिली.

"आमची निधी कशाला दचकत नाही," वीणा म्हणाली. "झोपली तर दार आपटा, कुकर लावा. शहाणी आहे."

"बोलते का काही?" राजलक्ष्मीनं विचारलं आणि लगेच पाणी प्यायली.

"कुठलं! आधी आ-आ करायची, तेही सोडलंय. सगळे म्हणतात, घरात इतक्या भाषा, पोर गोंधळणारच. हे माझ्याशी मराठी बोलणार, मी खालच्या बायकांशी कानडी, कामाच्या गंगव्वा तेलुगू, हे ऑफिसला इंग्लिश. समोरच्या फ्लॅटमधला मुलगा तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. आता थांबत नाही."

"हां," राजलक्ष्मी म्हणाली.

त्या दिवसापासून तिला बसवेना. कारखान्यात एका शर्टाला तिनं दोनदा बाण लावला. बस आली तरी थांब्यावर उभी राहिली. घरी भांडी घासताना ती मुद्दाम भांडं आपटून बघायची, आपण किती दचकतो ते. सांगावं तर रवी म्हणणार, सुरू झालं तुझं. आणि नसलंच तसं काही, तर वीणा आयुष्यभर तोंड बघणार नाही. न सांगावं तर पोरीचं काय? बोलायच्या आधी खात्री हवी होती, आणि खात्री करायची तर कुणाला न कळता.

पहिल्या वाढदिवसाचं खेळणं आत्यानं आणायचं, ही त्यांच्या घरातली पद्धत. म्हणून हे टेबल.

"अक्का, ऑनलाइन मागव की," रविकिरण फोनवर हसला होता. "दहा मिनिटांत दारात येतं. तू किती दुकानं फिरणार?"

"हातात घेऊन बघितल्याशिवाय मी घेत नाही."

"ते जगाला ठाऊक आहे."

ठाऊक आहे ते बरंच आहे, तिला वाटलं. आपल्या खोडीचा कधी काही उपयोग होईल, असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

शिवकुमारनं शेवटी माळ्यावरून एक जुना खोका काढला. रंग विटलेला. "हे मागच्या वर्षीचं. कुणी घेत नाही. ह्यात दिव्यांचं बटण वेगळं आहे. बघा."

हत्ती, रेलगाडी, तबला, पाऊस. आवाज भांड्यासारखा खणखणीत. राजलक्ष्मीनं दिव्यांचं बटण बंद केलं. रेलगाडी अंधारातच शिट्टी मारत गेली. तिनं हात ठेवला. हादरणं अगदी नावाला. पायांखाली जाड कापड घातलं तर तेही राहणार नाही.

"हे द्या."

"खरंच?" शिवकुमार म्हणाला. "ह्याच्या चक्राला चरा पडलाय, मॅडम."

"असू दे," राजलक्ष्मी म्हणाली. चरा तिला दिसलाच नव्हता.

वाढदिवसाला अजून आठवडा होता, तरी शनिवारी दुपारी ती खोका घेऊन येलहंक्याला पोचली. रविकिरण केकची ऑर्डर द्यायला गेला होता. वीणानं दार उघडलं. तिच्या केसांना पीठ लागलेलं होतं. राजलक्ष्मीनं ते बघितलं आणि बोलली नाही.

"अक्का, आजच? वाढदिवसाला द्यायचं ना?"

"बिघडलेलं निघालं तर बदलून आणायला वेळ हवा."

"तेही खरं. तुम्ही लावा पाय, मी पोळ्या उरकते."

राजलक्ष्मीनं पाय बसवले. दिवे लावले. निधी रांगत आली, टेबलाला धरून उभी राहिली आणि हत्तीच्या पोटावर दोन्ही हात मारून खदाखदा हसली. आतून वीणाही हसली. "आवडलं वाटतं!"

मग राजलक्ष्मीनं दिवे बंद केले. निधीला उचलून सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीकडं तोंड करून बसवलं आणि तिच्या हातात चमचा दिला. टेबलाखाली आपली शाल दुमडून घातली. मागं बसून पट्टी दाबली. हत्ती ओरडला. आवाज पूर्ण मोठा केला. रेलगाडी. तबला. शिट्टी इतकी कर्कश की तिच्याच दातांत कळ गेली.

निधी चमच्यात बघत होती. तिच्या मानेवर घामानं जावळ चिकटलं होतं. मान हलली नाही.

राजलक्ष्मीनं पुन्हा दाबलं. पुन्हा. मग तिला जाणवलं की पोळीचं लाटणं थांबलंय. वीणा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"सेल उतरलेले असतील," राजलक्ष्मी घाईनं म्हणाली. "आवाज नीट येत नाही."

"आवाज खाली पार्किंगपर्यंत जात असेल, अक्का."

राजलक्ष्मी शाल ओढून घ्यायला लागली. वीणा आत गेली. आता ही दार लावून रडणार, असं राजलक्ष्मीला वाटलं. पण ती स्टीलची परात आणि पळी घेऊन बाहेर आली, निधीच्या मागं उकिडवी बसली आणि परातीवर जोरात पळी हाणली. एकदा, दोनदा. राजलक्ष्मीनं कानांवर हात घेतले. निधीनं चमचा उलटा करून चाटला.

"हे ऑफिसला गेले की मी रोज करते," वीणा म्हणाली. "खालच्या बाई विचारत होत्या, तुमच्याकडं पूजा असते का रोज."

"कधीपासून?"

"गणपतीपासून. जन्मल्यावर दवाखान्यात त्यांनी मशीन लावलं होतं. एका कानाचं बरोबर येईना. पाणी असेल, महिन्यानं परत आणा, म्हणाले. मग हिला घेऊन मी निपाणीला माहेरी गेले. तिथं हिला सर्दी, मला ताप. नंतर राहूनच गेलं. ह्यांना तर आठवतही नाही."

"मग बोलली का नाहीस, वीणा?"

वीणानं परात मांडीवर घेतली. पिठाचे हात तिच्या कडेवरून फिरत होते.

"मी तुमची वाट बघत होते."

"माझी?"

"तुम्हाला सगळं दिसतं. डोकं चपटं झालेलं मला आईलासुद्धा दिसलं नव्हतं. मी रागावले तुमच्यावर, पण कूस बदलायला लागले ना! तेव्हा मला वाटायचं, काही असलं तर अक्का बोलतीलच. त्यांना राहवणार नाही. दर रविवारी तुम्ही यायचा, तिला मांडीवर घ्यायचा, छान आहे म्हणायचा. मी म्हणायचे, चला, अक्का गप्प आहेत म्हणजे काही नाही. तुम्ही गप्प बसलात म्हणून मला धीर येत होता."

 चांगल्या शर्टाला स्टिकर नसतो. राजलक्ष्मीनं उठून बाल्कनीचं दार उघडलं, पुन्हा बंद केलं, पुन्हा उघडलं. ऊन सरळ आत आलं.

"सोमवारी नेऊ," ती म्हणाली. "मी रजा टाकते."

"ह्यांना कोण सांगणार? मला ते बोलू देणार नाहीत. आत्ताच कुठं तिचा फोटो केकवर छापायला दिलाय."

"मी सांगते."

"स्वल्प हळू सांगा, अक्का."

"मला हळू सांगता येत नाही, हे तुला ठाऊक आहे."

वीणा पहिल्यांदाच हसल्यासारखी झाली, आणि तेवढ्यात कुलूप फिरल्याचा आवाज आला. दोघींनीही आधी निधीकडं बघितलं. ती बसल्या जागी चमच्यानं सतरंजी खणत होती.

रविकिरण चप्पल काढता काढता म्हणाला, "आलं का टेबल? बघू, अक्काला पसंत पडलेली जगातली पहिली वस्तू!"

"रवी, आधी बस."

"का? काय झालं?"

"निधीला ऐकू येत नाही, असं मला वाटतंय. वीणालाही वाटतंय. सोमवारी तपासून आणायचं."

तो बसला नाही. त्यानं बहिणीकडं बघितलं, तेच जुनं बघणं. "सुरू झालं तुझं. अक्का, आठवड्यावर वाढदिवस—"

"अहो," वीणा म्हणाली, "नुसतं अक्कांचं नाही हे. माझंही आहे."

मग बाल्कनीच्या बाजूनं फिरून तो निधीच्या मागं जाऊन उभा राहिला. "निधी," त्यानं हाक मारली. ती सतरंजी खणतच राहिली. तो एक पाऊल पुढं आला. "निधम्मा!"

निधीनं गर्रकन मान वळवली, वर बापाकडं बघितलं आणि चमचा उंचावून हसली.

"वळली!" रविकिरण ओरडला. "बघितलंत? वळली की! उगाच तुम्ही दोघी... माझा तर जीवच गेला होता." त्यानं निधीला उचलायला हात पुढं केले. वीणाचा चेहरा क्षणभर उजळला, अगदी पोरीसारखा, आणि तिनं राजलक्ष्मीकडं बघितलं. तिला नुसतं 'हो' हवं होतं.

सतरंजीवर उन्हाचा लांब पट्टा पडला होता आणि रविकिरणची सावली त्यातून निधीच्या मांडीपर्यंत पोचली होती.

"उचलू नको तिला," राजलक्ष्मी म्हणाली. "तुझी सावली पडली तिच्यावर. पडदा ओढ रवी, भिंतीकडं बसव तिला, आणि परत हाक मार."

रविकिरण तसाच वाकलेला राहिला. मग वीणाच उठली आणि तिनं पडदा ओढला.