मडक्यातलं रताळं

आधीच सांगतो, या सदरातले गूढ अनुभव मी जेवताना टाइमपास म्हणून वाचतो आणि वाचून झाले की बायकोला म्हणतो, "हे घे, अजून एक!" जमिनीची मोजणी हा माझा धंदा. जे मोजता येत नाही ते नसतंच, इतकं माझं साधं गणित. त्यामुळे आज मीच लिहायला बसलोय हे बघून शिल्पा, म्हणजे बायको, किचनमधून हसतेय... हसू दे.

आम्ही पनवेलचे, आगरी. पूर्वी शेती होती, आता नवीन पनवेलात फ्लॅट आहे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो – थंडीत आमच्याकडे पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, चिकन भरायचं, वर जाडं मीठ आणि ओवा. तोंड पाल्यानेच गच्च बंद करून मडकं शेतात उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही की तेल नाही. खाल्ल्याशिवाय कळायचं नाही!

मडकं भरायचं काम बाबांचं. आणि दरवर्षी मडकं ओतलं की शेंगांमधून एक रताळं निघायचं – केळीच्या पानात गुंडाळलेलं, भाताच्या काडीने दोनदा बांधलेलं. आईला रताळं म्हणजे जीव की प्राण, पण स्वतःसाठी काही मागेल तर ती आई कसली. ती डोळे मोठे करून विचारायची, "कुनी टाकला यो?" बाबा शेंग सोलत आभाळाकडे बघायचे. "मना काय म्हाईत!" आम्ही पोरं हसून लोळायचो. मग ती अर्धं मोडून त्यांच्यापुढे धरायची, आणि "मना नाय आवरत" (आवडत नाही) म्हणत म्हणत ते फस्त करायचे.

बाबा जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून आईने पोपटीचं नाव काढू दिलं नाही. "माझी खाऊन झाली," एवढंच म्हणायची. रोजचं जेवणही दोन घास ढकलल्यासारखं. डॉक्टर म्हणाले सगळं नॉर्मल आहे. मला माहीत होतं, तसं नाहीये.

या जानेवारीत आमच्या ओवीने – वय वर्षं आठ – हट्ट धरला. नेरे गावाच्या बाजूला एक पिकनिक स्पॉट आहे. झोपाळे, बैलगाडी, बदकांचं तळं, आणि पोपटीसुद्धा! शाळेतली सगळी जाऊन आली म्हणे. आणि आजी नसेल तर मी पण नाही, ही अट. आई नातीसाठी तयार झाली.

आता मुद्द्याचं. रताळं न्यायचं का, यावर मी आणि शिल्पा दोन दिवस बोलत होतो. मला भीती वाटत होती. बाबांचं रताळं माझ्या हातून निघालं आणि आई तिथेच कोसळली तर? शेवटी ठरवलं, नको. घरात रताळं आणलंच नाही. हे लक्षात ठेवा.

रविवारी सकाळी पोचलो. ऊन कोवळं, समोर प्रबळगड स्वच्छ दिसत होता. ओवी बदकांमागे, मी बैलगाडीत... खरंच छान वाटत होतं. आई मात्र आंब्याखाली खुर्ची टाकून बसली, पोपटीच्या जागेकडे पाठ करून. "तुमी खा, मना नको."

तिथे मडकं आपणच भरायचं असतं, सामान ते देतात. चिकन फॉइलमध्ये बांधलेलं होतं. मी भरत होतो आणि शिल्पा व्हिडिओ काढत होती, स्टेटसला टाकायला. ओवीने मडक्यावर खडूने बदक काढलं. (ते बटाट्यासारखं दिसत होतं, पण असो.) तोंड मी स्वतः बंद केलं, जाळ लावला आणि शेजारी उभा राहिलो. पाऊण तास हललो नाही. पाणी शिंपडून बघितलं, चर्र करून क्षणात उडालं. झाली पोपटी.

ताडपत्रीवर मडकं ओतलं. वाफ, ओव्याचा वास, शेंगा... आणि शेंगांच्या मधोमध केळीच्या पानाची करपलेली पुडी. भाताच्या काडीचे दोन वेढे.

मी शिल्पाकडे बघितलं तर ती माझ्याकडेच बघत होती. "तू?" "नाही. तू?" "आईशप्पथ नाही!" ओवीला विचारलं, तिला तर पुडी म्हणजे काय तेच कळेना. मडकी सांभाळणाऱ्या काकांना गाठलं. ते गावातलेच. "रताली आमी ठेवतच नाय, सायेब. आन केलीचा पान इथं कुठं हाय?" मडकं बदललं असेल म्हणावं, तर बदक तसंच होतं. आणि व्हिडिओ! चार मिनिटांचा, मध्ये कुठेही तुटलेला नाही. मी कितीदा बघितला याची गणती नाही. प्रत्येक शेंग दिसते. पुडी नाही.

पुडी लपवावी असं मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण मागे वळलो तर आई उभी. आमची कुजबुज ऐकून उठून आली होती.

ती खाली बसली. काडी सोडली, पान उघडलं. 

"कुनी टाकला यो?" तिने विचारलं.

आणि माझ्या तोंडून आपोआप, अगदी खरं तेच निघालं, "मना काय म्हाईत..."

आई हसली. दोन वर्षांनी, पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. मग तिने रताळं मोडलं, सवयीने अर्धं उजव्या बाजूला, बाबा बसायचे तिकडे धरलं, क्षणभर थांबली आणि ओवीला दिलं. उरलेलं स्वतः खाल्लं. त्यावर शेंगा खाल्ल्या, दोन अंडी खाल्ली, आणि मीठ कमी पडलंय म्हणून मला सुनावलंसुद्धा.

त्या दिवसापासून आई जेवते. स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. कोणाकडे असेल तर जरूर लिहा. फक्त माझ्या आईला ऐकवू नका.

कारण परवा भाजी निवडता निवडता तिने पुढच्या पोपटीचा विषय काढला. आपणहून. मडकं मीच भरायचं म्हणे. आणि मग बोट नाचवत, "आन हे बघ, रताला तू घ्यायचा नाय हां."

मी बरं म्हणालो.