मंगळवारी बसणारं चाक

माझा स्वभाव संशयी आहे असं बायको म्हणते. खरं तर मला पगारच त्याचा मिळत होता. दिल्लीजवळ मानेसरच्या एका कारखान्यात मोटरसायकलची अ‍ॅल्युमिनियमची चाकं ओतली जायची आणि मी तिथे तपासणी विभागात होतो. चाकाच्या दोन्ही कडा रबराने बंद करून आत दाबाने हवा सोडायची, ते पाण्याच्या टाकीत बुडवायचं, बुडबुडा दिसला तर बाजूला काढायचं, नाही दिसला तर पिवळा ठिपका द्यायचा. दिवसभर चांगल्या दिसणाऱ्या वस्तूंकडे वाईट नजरेने बघणं, एवढंच माझं काम.

ट्यूबलेस टायर तेव्हा मोटरसायकलींना नवीनच यायला लागले होते. मी हौसेने तशीच गाडी घेतली. मागच्या चाकावर आमच्याच कारखान्याची खूण होती आणि पिवळा ठिपकाही. इमारतीतल्या निम्म्या लोकांना मी तो ठिपका दाखवला होता.

आम्ही गुडगावच्या नव्या सेक्टरात राहायचो. आमच्या समोरच्या दारात एक निवृत्त अंकल आणि त्यांची बायको, आंटी. राहायला आलो त्याच आठवड्यात अंकलशी माझं वाजलं. खाली जिन्याजवळ ते आपली जुनी स्कूटर लावायचे, ती जागा कागदोपत्री आमची निघाली. त्यांनी निमूटपणे स्कूटर हलवली. "ठीक है, कागज आपके पास है," एवढंच म्हणाले. ते वाक्य मी मनात जपून ठेवलं.

आंटींचं मात्र आमच्यावाचून आणि आमचं त्यांच्यावाचून पान हलत नव्हतं. आम्ही दोघंही नोकरीला. पाच वर्षांची मुलगी शाळेतून यायची ती थेट त्यांच्याकडे. जेवण, झोप, होमवर्क, सगळं तिकडेच. त्या शहरात आम्हाला दुसरं कुणी नव्हतं. ते दार बंद झालं असतं तर आमच्यापैकी एकाला घरी बसावं लागलं असतं. हे पक्कं ठाऊक असूनही पुढचं सगळं मी केलं.

थंडी पडायला लागली तसं मागचं चाक बसायला लागलं. सकाळी मुलीला शाळेत सोडायला खाली उतरलो की टायर जमिनीला चिकटलेला. पंक्चरवाल्याने साबणाचं पाणी मारून सगळा टायर तपासला, व्हॉल्व्ह तपासला. खिळा नाही, काही नाही. "साहब, हवा रिम से जा रही है. ट्यूब डलवा लो," तो म्हणाला. मला राग आला. आमच्या चाकातून हवा जाणार? याला ट्यूब खपवायची आहे, मी मनात म्हटलं, आणि नुसती हवा भरून घरी आलो.

मग मी रोज सकाळी हवा मोजायला लागलो आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. चाक रोज बसत नव्हतं. चार-चार दिवस टणक असायचं आणि एकदम बसायचं. मंगळवारी तर हमखास. खरी गळती सुट्टी घेत नाही, हे मी कारखान्यात नव्या लोकांना शिकवत असे. जे कधी होतं आणि कधी होत नाही, त्यामागे माणूस असतो.

माणूस शोधायला फार लांब जावं लागलं नाही. अंकल रोज पहाटे फिरायला जात. मंगळवारी फिरायला न जाता अंधारातच मारुतीच्या देवळात जात. म्हणजे देवाला जाता जाता हे काम उरकत होते. पाळत ठेवायची होती; मंगळवारी जाग आली नाही, म्हणून बुधवारी मी पहाटे अर्ध्या जिन्यापर्यंत उतरलो. अंकल माझ्या गाडीमागे उकिडवे बसले होते, पाठ माझ्याकडे, हात चाकाशी. आणखी काय बघायचं राहिलं होतं? आल्या पावली मी वर गेलो. तासाभराने खाली आलो तर टायर टणक होता. माझी चाहूल लागली असणार, मी म्हटलं, म्हणून डाव फसला.

दिल्लीकडे मराठीचा एक मोठा फायदा असतो. जिन्यात, भाजीच्या ठेल्यापाशी, कुठेही उभं राहून कुणाबद्दलही मोठ्याने बोलावं, कुणाला काही कळत नाही. मी त्या दिवशी जेवताना तोंड सोडलं. "हा म्हाताराच हवा सोडतो. जागेचा सूड उगवतोय."

"पुरावा काय?" बायको म्हणाली. "यार, तू कारखाना घरी नको ना आणूस."

"डोळ्यांनी बघितलंय मी. आपली पोर मागे बसते त्या गाडीवर. अशा माणसाच्या घरात मी तिला ठेवणार नाही."

मुलगी शेजारी बसून वरणभात खात होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची ती हिंदी.

दुसऱ्याच आठवड्यात तिला क्रेशमध्ये, म्हणजे पाळणाघरात, घातलं. आंटींना सांगितलं, तिथे इंग्लिश चांगलं शिकवतात. आंटी म्हणाल्या, "अच्छा. खाती तो है ना ठीक से?" क्रेश चारला बंद व्हायचं, त्यामुळे बायकोला रोज लवकर निघावं लागायला लागलं आणि तिचा साहेब कुरकुरायला लागला. गाडी मी लांब फाटकाशी, गार्डच्या खोलीजवळ नेऊन लावली. "किसी को हाथ मत लगाने देना," असं त्याला बजावलं.

आणि चाक रोज बसायला लागलं. सोमवार नाही, मंगळवार नाही, रोज.

दोन दिवस मी गार्डवर संशय घेतला. तिसऱ्या दिवशी संशय घ्यायला माणूसच उरला नाही, तेव्हा चाक काढून कारखान्यात नेलं आणि टाकीत बुडवलं. आऱ्याच्या मुळाशी, पिवळ्या ठिपक्यापासून बोटभर अंतरावर, बारीक बुडबुड्यांची माळ वर येत होती. ओतकामातच राहिलेलं, सुईच्या टोकाहून लहान छिद्र. चाक आतून घासून, साफ करून त्यावर सीलंटचे दोन थर दिले, वाळवलं, पुन्हा बुडवलं. बुडबुडे थांबले.

मी मात्र टाकीसमोर उभाच राहिलो. गळती पहिल्या दिवसापासून रोजच होती. मग ते चार-चार दिवस चाक टणक कसं राहत होतं? अंकल पहाटे तिथे बसून काय करत होते, आणि मंगळवारी देवळाच्या घाईत काय राहून जायचं, हे मला त्या पाण्याकडे बघता बघता कळलं आणि माझी मलाच लाज वाटली.

तरी खरं सांगायची हिंमत झाली नाही. रविवारी बर्फीचा डबा घेऊन, मुलीचं बोट धरून मी समोरची बेल वाजवली. क्रेश जमत नाही, उद्यापासून ही तुमच्याकडेच येईल, एवढंच बोलायचं ठरवलं होतं. दार अंकलनी उघडलं. मुलगी नेहमी त्यांच्या हाताखालून आत पळायची. ती माझ्या पायामागे सरकली.

"आओ गुड़िया," अंकल म्हणाले.

ती त्यांच्या हातांकडे बघत होती. मग तिने मान वर करून मला विचारलं, चांगल्या स्वच्छ हिंदीत, "पापा, यही अंकल अपनी गाड़ी की हवा निकालते हैं ना?"

 अंकलनी माझ्याकडे बघितलं. मग आत गेले आणि पायाने मारायचा जुना पंप घेऊन आले. तो त्यांनी मुलीसमोर जमिनीवर ठेवला.

"निकालता नहीं था, बेटा. भरता था. तू पीछे बैठती है, इसलिए." माझ्याकडे वळून म्हणाले, "आपको बताया नहीं. पार्किंग वाली बात के बाद आप सोचते कि एहसान जता रहा हूँ."

"माफ कर दीजिए अंकल," मी म्हणालो. आतून आंटींनी मुलीला हाक मारली. तिने जरा विचार केला आणि आत गेली. मला "आओ, बैठो" कुणी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी पूर्वीसारखी तिकडे जायला लागली. बायकोची नोकरी टिकली. अंकल भेटले की राम राम करायचे, मुलीच्या वाढदिवसाला आमच्याकडे जेवायलाही आले. चाकातून पुन्हा कधी हवा गेली नाही, आणि गाडी मी जिन्याजवळ परत आणून लावली होती. पण आम्ही ते घर सोडेपर्यंत अंकल पहाटे त्या गाडीजवळून जायचे ते दोन्ही हात पाठीमागे बांधून.