थोरलं माणूस आधी

बोरीच्या पेठेत माझं शिलाईचं दुकान आणि बन्सीधरचा फोटो स्टुडिओ, मध्ये एकच पत्र्याची भिंत. त्यामुळे त्याच्या दुकानातलं सगळं मला ऐकू यायचं आणि माझं मशीन त्याला. स्टुडिओ म्हणजे तरी काय? एक खुर्ची, मागे निळ्या रंगाचा पडदा आणि आत फिल्म धुवायची अंधारी खोली. तिच्या दाराचा काळा कपडा माझ्या दुकानातला. मागून नेला होता, परत काही आला नाही.

कॅमेरा मात्र बघण्यासारखा. निजामाच्या पोलिसात नोकरी केलेल्या पिंगळीच्या एका म्हाताऱ्याकडून त्याने तो घेतला होता. झाकण उघडलं की पुढे चामड्याचा भाता बाहेर यायचा. भात्याला भोकं पडलेली. ती त्याने पंक्चरच्या सोल्युशनने माझ्या चिंध्या चिकटवून बुजवली होती. थंडीत त्याचं बटण आळसायचं, मग भिंगावर टोपी घालून दोनदा उगीच दाबून त्याला जागं करावं लागे. आणि समोरचा माणूस किती लांब आहे ते त्या कॅमेऱ्याला आपलं आपण कळत नसे. ते फुटांत मोजायचं आणि भिंगाभोवतीचा आकडा फिरवून तिथे आणायचं. मोजायला टेप लागायची. टेपही माझीच.

माणसाच्या नाकाला टेप लावून बन्सीधर एकेक पाऊल मागे सरकायचा. नवखं गिऱ्हाईक घाबरून विचारायचं, "सदरा बी शिवायलाव का?" मी पलीकडून ओरडायचो, "सदऱ्यासाठी इकडं यावं लागतं!"

मी त्याला कितीदा तरी म्हटलं, "बन्सी, परभणीत नवे कॅमेरे आलेत. हे डबडं मोडीत घाल."

"सितारामभाऊ, नव्या कॅमेऱ्यात माणूस तयार होऊन बसतंय," तो म्हणायचा. "ह्याच्यापुढं बसून बसून कटाळतंय, मग खरं दिसतंय." हे मात्र मला मान्य करावं लागायचं. माझा एकुलता एक बरा फोटो त्यानेच काढलेला आहे आणि त्यात मी वैतागलेलो आहे.

त्याची एक खोड मात्र सगळ्या पेठेला माहीत होती. रोलचा पहिला फोटो म्हणजे त्याच्या दृष्टीने भवानी, आणि ती घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाच्या हातून व्हायची. लग्न असो, बारसं असो, आधी म्हातारं माणूस. एका लग्नात तर नवरदेव रुसून मांडवाबाहेर जाऊन बसला, कारण आधी आजीला खुर्चीवर बसवलं. बन्सीधर हलला नाही. मला हा निव्वळ हटवादीपणा वाटायचा.

भुजंग त्याच्याकडे आला तो मुलीच्या बारशाचं सांगायला. भुजंग शाळेत शिपाई होता. अठ्ठ्याहत्तरला विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेल्या दंगलीत दुसऱ्या एका गावात त्याचं घर जाळलं होतं, तेव्हा माय आणि बायकोला घेऊन तो इकडे आला. घरात भिंतीवर दोन फोटो होते, एक बाबासाहेबांचा आणि एक त्याच्या वडिलांचा. बाबासाहेबांचा परत मिळाला. वडिलांचा कुठून मिळणार? जगात तेवढा एकच होता.

त्याची माय बायनाबाई तेव्हापासून फोटोला बसत नव्हती. "नवरा एकदा सरणावर जळाला, एकदा भितीवर," ती म्हणायची. "मला न्हाई दोनदा जळायचं." भुजंगने पाच-सहा वर्षं विनवण्या केल्या आणि सोडून दिलं.

बारशाला बन्सीधर गेला, मीही गेलो, कारण टेप माझी होती. पाळणा सजलेला, बाळ झोपलेलं, आणि हा भाता उघडून नुसता उभा. "माय बसल्याबिगर रोल चालू होत न्हाई."

"माझ्यापायी लेकराचा फोटू अडवतूस व्हय रे?" म्हातारी कडाडली. बाळ उठून रडायला लागलं. शेवटी ती चडफडत येऊन खाटेवर बसली. बन्सीधरने तिच्या नाकाला टेप लावली.

"मुडद्या, चोळीचं माप नाकावरून घ्यायलास का?" ती म्हणाली, आणि आपल्याच बोलण्यावर तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. पदर खाली आला, बटण दाबलं गेलं. मग बाळाचे आणि बाकीच्यांचे निघाले, पण रोल काही भरला नाही. भरल्याशिवाय बन्सीधर धुवायचा नाही, म्हणून फिल्म कॅमेऱ्यातच राहिली.

दसऱ्याला थोडे दिवस राहिले असताना बायनाबाई तापाने गेली.

नवमीला सकाळी भुजंग आला. डोळे सुजलेले. "बन्सीभाऊ, उद्या दसरा. आमचा धम्माचा दिवस हाय. त्या दिवशी माय भितीवर पाहिजे." बन्सीधर लगेच उठला. फिल्म धुवायचं औषध संपलं होतं, ते आणायला तो जिंतूरच्या एसटीत बसला.

आणि तो दिवस खंडेनवमीचा. ज्याचं जे हत्यार, त्याची पूजा. मी माझं मशीन पुसून झेंडू वाहत होतो. पलीकडे बन्सीधरची बायको रुख्मिणी कॅमेरा पुसत होती. ही बाई पितळी डबासुद्धा आतून घासल्याशिवाय ठेवत नसे.

संध्याकाळी बन्सीधर परतला तेव्हा पाटावर कॅमेरा, त्याला हळदकुंकू, फूल. भुजंग माझ्या बाकावर वाट बघत बसला होता.

"मागचं झाकण उघडून आतून बी पुसलाय," रुख्मिणी कौतुकाने म्हणाली. "लय धूळ होती. लाल कागद होता आत, तो बी उचलून पुसला."

पत्र्यापलीकडे एकदम शांत झालं. मी आणि भुजंग धावत गेलो. बन्सीधर खाली बसला होता. त्या लाल कागदाच्या आत फिल्म गुंडाळलेली असते आणि तिला उजेड लागला म्हणजे ती गेली, एवढं मलाही कळत होतं. तो काही तरी थाप मारेल असं मला वाटलं, पण त्याने भुजंगला तोंडावर सांगितलं. "भुजंग, फिल्मला उजेड लागलाय. माय हाय का न्हाई, मला ठावं न्हाई."

भुजंग म्हणाला, "तिला नकोच होतं. मीच मागं लागलो." ते ऐकून मला त्या कॅमेऱ्याचा, झेंडूचा, सणाचा, सगळ्याचा राग आला.

बन्सीधर आत गेला. काळ्या कपड्याआड पाणी हलल्याचा आवाज येत राहिला. रुख्मिणी उंबऱ्यावर उभी राहून पदराला पीळ घालत होती. पूजेला मी एवढे हात कधी जोडले नसतील.

"भुजंग!"

तो ओली पट्टी धरून बाहेर आला. एका टोकाची सगळी चित्रं काळी ठिक्कर. त्यामागची करपल्यासारखी. आणि अगदी दुसऱ्या टोकाला, स्वच्छ, पदर नुकताच खाली आलेली बायनाबाई.

"पहिला फोटो सगळ्यात आत गुंडाळला जातो," बन्सीधर धापा टाकत म्हणाला. "बाकीच्यांनी उजेड वर झेलला. माय खाली राहिली." एवढं बोलून त्याला रडू फुटलं.

भुजंगने पट्टी दिव्यासमोर धरली. फिल्मवर सगळं उलटं दिसतं, पांढरे केस काळेभोर. "माय तरणी झाली की!" तो म्हणाला, आणि आम्ही चौघंही रडत रडत हसलो. रुख्मिणीने तर तिथेच फतकल मारली.

बाळाचे फोटो पुन्हा काढले, त्याला काय, बाळ होतंच. दसऱ्याला माय भिंतीवर गेली. भुजंगने दुसरी प्रत मुद्दाम मागून घेतली आणि बन्सीधरच्याच हातात दिली. "ही तुमच्या दुकानात लावा भाऊ. एकाच भितीवर नको."

बन्सीधरने ती कॅमेऱ्याच्या फळीवर लावली. नवमीला रुख्मिणी कॅमेऱ्याला बाहेरूनच फूल वाहायची आणि दुसरं बायनाबाईला.

पुढे विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा निर्णय झाला, त्या दिवशी भुजंग पेढे घेऊन स्टुडिओत आला. बाळ आता शाळेत जाणारी पोर झाली होती. पुडा उघडल्याबरोबर मी हात पुढे केला. रुख्मिणीने तो बाजूला सारला.

"थांबा की भाऊजी," ती म्हणाली. "आधी थोरलं माणूस." आणि भुजंगने पहिला पेढा फळीवर, हसणाऱ्या मायेपुढे ठेवला.