कागदाबाहेरची वस्ती

आमचे सासरे पुरुषोत्तम खळदकर यांच्यामुळे मी इथे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नमधल्या तीन दुकानांत जायचं बंद केलं आहे. भांडणतंटा काही झालेला नाही. काउंटरपलीकडचा माणूस नायजेरियाचा असावा अशी नुसती शंका आली, की अप्पा मागची रांग विसरतात आणि विचारतात, "अबुजा? व्हिच सेक्टर?" माणूस लागोसचा निघाला तर त्यांचा चेहरा असा पडतो, की त्या बिचाऱ्यालाच सॉरी म्हणावंसं वाटतं. घानाचा निघाला तर विचारूच नका. अशा वेळी मी दुधाचा गॅलन हातात धरून फरशीकडे बघत उभा असतो.

अप्पा मूळचे सांगलीचे, वय शहात्तर, पेशाने ड्राफ्ट्समन. पुण्यातल्या ज्या कंपनीत ते होते तिने १९८२ साली त्यांना नायजेरियाला पाठवलं. तिथे देशाच्या मध्यावर, टेकड्या, गवत आणि चार खेडी अशा मुलखात, अबुजा ही नवी राजधानी बांधायला घेतली होती. आपल्याकडे गाव आधी वसतं आणि मग कधीतरी त्याचा नकाशा निघतो. तिथे सगळं उलटं. रस्ते, शाळा, बागा, घरं, सगळं आधी कागदावर आणि मग जमिनीवर. त्यातल्या एका सेक्टरचा नकाशा अप्पांच्या हातचा. सहा वर्षं ते तिथे होते. परत आल्यावर पुण्यात एकवीस वर्षं त्यांनी पूल काढले, गोदामं काढली, पण "माझं काम" असं ते म्हणाले की समजायचं, अबुजा.

सासूबाई गेल्यावर, पाच वर्षांपूर्वी यामिनीने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यांना इकडे आणलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमची सगळी कॉलनी पावलांनी मोजून काढली आणि नापास केली. "सिद्धेशराव, दुधासाठी गाडी काढावी लागते असा सेक्टर मी काढला असता ना, तर आमच्या चीफने कागद टराटरा फाडला असता." एरवी ते मला नुसतं सिद्धेश म्हणतात. राव लागलं की समजायचं, टोमणा येतोय. मी काम करतो ते डेटा सेंटर त्यांना मोठ्या कौतुकाने दाखवायला नेलं, तर ते गाडीत बसूनच खिडक्या शोधायला लागले. एकही सापडली नाही.

"आत राहतं कोण?"

"डेटा," मी म्हणालो.

"म्हणजे लोकसंख्या शून्य. झकास. माणसांचा आकडा चुकायची भीतीच नाही." मी हसलो होतो. मला तो विनोद वाटला होता.

आकडा चुकणं हे अप्पांचं जुनं दुखणं आहे. त्यांच्या सेक्टरचं गणित साधं होतं. अकरा हजार सहाशे घरं, घरटी पाच माणसं, एकूण अठ्ठावन्न हजार. असे सगळ्या सेक्टरांचे आकडे मिळवून शहर बेतलेलं. आज अबुजाची वस्ती चाळीस लाखांच्या घरात गेली आहे आणि दर वर्षी वाढतेच आहे. सकाळच्या चहाबरोबर अप्पा टॅबलेटवर तीच बातमी शोधतात. आकडा वाढला की चहा तसाच राहतो. आमची अनिका पंधरा वर्षांची, एकदा तिने त्यांना समजावलंही, "आजोबा, पीपल जस्ट हॅड बेबीज. हाऊ इज दॅट युअर फॉल्ट?" शहराबाहेर वाढलेल्या वस्त्यांमधली घरं रस्त्यासाठी पाडली, अशी बातमी आली की मात्र ते जेवायचेच नाहीत. आम्ही बीपीच्या गोळ्या बदलून पाहिल्या. ते बीपी नव्हतं हे आम्हाला यंदाच्या मार्चमध्ये कळलं.

मार्चमध्ये अप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि व्यायाम करून घ्यायला घरी रिफ्कातू नावाची फिजिओथेरपिस्ट यायला लागली. उंच, खणखणीत आवाजाची, पाय दुखतो म्हटलं की आणखी पाच वेळा वाकवायला लावणारी. ती अप्पांना बाबा म्हणायची. तिच्याकडेही वडीलधाऱ्यांना बाबाच म्हणतात. पहिल्या दिवशी अप्पांनी ठरलेला प्रश्न टाकला आणि ती म्हणाली, "अबुजा." पाच वर्षांत पहिल्यांदाच उत्तर बरोबर आलं होतं. अप्पा अर्धे उठून बसले.

"व्हिच सेक्टर?"

"सेक्टर कसला, बाबा. आम्ही ओढ्याच्या पलीकडचे."

मग तिने अप्पा तिथे काय करत होते ते विचारलं. अप्पांनी सांगितलं, आणि मी सांगतो, छाती जरा पुढे काढूनच सांगितलं. रिफ्कातू हसली. गुडघा वाकवता वाकवता म्हणाली, "ओह, सो इट वॉज यू. आमची घरं काढायला विसरले ते तुम्हीच होय?" ती चेष्टा करत होती. अप्पा हसले नाहीत. उरलेले सगळे व्यायाम त्यांनी एकदाही पाय दुखतो न म्हणता केले, आणि मला काळजी वाटली ती त्याचीच.

दुसऱ्या दिवशी वॉकर धरून आम्ही घरामागच्या पायवाटेवर गेलो. बाकावर बसल्यावर त्यांनी मला दानलादीची गोष्ट सांगितली. यामिनीलासुद्धा ती माहीत नव्हती.

दानलादी त्यांच्या मोजणीच्या पथकात जमीन मोजायची साखळी ओढायचा. तिथल्याच खेड्यातला, वयाने अप्पांपेक्षा थोडा लहान. मैलोन् मैल खांद्यावर सामान घेऊन चालायचा आणि संध्याकाळी ऑफिसात येऊन नकाशा बघत बसायचा. एक दिवस त्याने विचारलं, "ओगा, ह्यात माझं घर कुठलं?" ओगा म्हणजे तिकडचं साहेब.

"आणि सिद्धेश, मला उत्तर देता येईना," अप्पा म्हणाले. "घरटी पाच माणसं म्हणजे साहेब, त्याची बायको, तीन मुलं. त्यांचा ड्रायव्हर रात्री कुठे जाणार, भाजीवाली कुठे झोपणार, घर बांधणारा गवंडी कुठे राहणार, हे कुणी धरलंच नव्हतं. मीही नाही. तो समोर उभा. मी आपलं काहीतरी करायचं म्हणून बोट ठेवलं. इथे, म्हटलं."

"कुठे?"

"मार्जिनमध्ये. चौकटीच्या बाहेर, कोऱ्या कागदावर. म्हणजे तिथे काही नव्हतंच रे. नुसता कागद होता."

पुढच्याच आठवड्यात दानलादीने त्या बाजूला ओढ्यापलीकडे घर बांधायला घेतलं. साहेबाने दाखवलं म्हणून. अप्पांनी त्याला अडवायला हवं होतं, सांगायला हवं होतं की बाबा रे, ते तसं नव्हतं. त्यांना लाज वाटली, ते बोलले नाहीत. मग ते पुण्याला परतले. पुढे तिथे वस्ती वाढल्याचं कळलं, मग घरं पाडल्याच्या बातम्या यायला लागल्या. "माझ्या बोटावर विश्वास ठेवून त्याने बायकापोरं नेली तिथे," अप्पा म्हणाले. "त्यांच्यावर बुलडोझर गेला की काय, एवढंच मला कळायला हवंय. मग काय व्हायचं ते होवो." इतकी वर्षं त्यांची टिंगल केल्याची मला खरोखर शरम वाटली.

मी हे रिफ्कातूच्या कानावर घातलं. तिचा चेहरा उतरला. "मी फक्त जोक केला होता," ती म्हणाली, आणि दारातूनच तिने अबुजातल्या भावाला, याकुबूला, फोन लावला.

शनिवारी सकाळी दहाला, तिकडे दुपारी तीनला, दानलादीचं घर शोधायला व्हिडिओ कॉल ठरला. अप्पा आठ वाजल्यापासून इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून डायनिंग टेबलाशी बसले होते. सुट्टी असून रिफ्कातू आली, येताना चिनचिन नावाचा खाऊ घेऊन आली. यामिनीने एक तोंडात टाकला आणि म्हणाली, "ह्या तर शंकरपाळ्या आहेत." अप्पांनी हात लावला नाही.

पडद्यावर याकुबू दिसला, मग मोटारसायकलींचा गोंगाट, आपल्यासारख्याच रिक्षा, मोठमोठ्या छत्र्यांखाली मांडलेले टोमॅटो, फोन दुरुस्त करणाऱ्यांच्या टपऱ्यांची ओळ. मुंगी शिरायला जागा नव्हती. अप्पांनी डोळे बारीक केले.

"ओढा ओलांड," ते इंग्रजीत म्हणाले. "नाउ राइट. फोर हंड्रेड मीटर्स."

"बाबा, इकडे उजवीकडे मशीद आहे."

"असेल. मशिदीला वळसा घाल."

याकुबूने वळसा घातला. दोन ठिकाणी विचारलं. तिसऱ्या ठिकाणी साखळीवाला दानलादी म्हटल्यावर एका बाईने नुसता हात वर करून दाखवलं. गल्लीच्या टोकाला आंब्याखाली, प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक म्हातारा बसला होता. याकुबूने फोन त्याच्यासमोर धरला. म्हातारा फोनवर वाकला आणि म्हणाला, "ओगा, तुमचे केस कुठे गेले?"

अप्पा तीन दिवस घोकलेलं इंग्रजी भाषण पार विसरले. "हाउस?" एवढंच ते म्हणाले. "युअर हाउस?"

"एकदा पाडलं, रस्त्यासाठी. पन्नास पावलं मागे सरकलो आणि पुन्हा बांधलं. हे काय, मागे दिसतंय."

"चूक माझी," अप्पा म्हणाले. "मी दाखवलं ते मार्जिन होतं, दानलादी. तिथे जमीन नव्हती. मी तुला फसवलं."

दानलादी हसायला लागला. खुर्चीचे हात धरून, खोकला येईपर्यंत हसला. रिफ्कातू त्याचं बोलणं मध्ये मध्ये आम्हाला सोपं करून सांगत होती. "ओगा, तिथे साखळी कोणी ओढली होती? मीच ना? कागद संपल्यावर पुढे काय आहे ते तुम्हाला माहीत नव्हतं, मला होतं. ओढा होता, आंब्याची तीन झाडं होती, काळी माती होती. जागा मी आधीच बघून ठेवली होती. ती तुम्हा लोकांच्या नकाशात येते की नाही, तेवढंच मला काढून घ्यायचं होतं. तुम्ही बोट बाहेर ठेवलंत. मी म्हटलं, चला, ही सुटली. गावातल्या आणखी बारा घरांनाही सांगितलं."

अप्पा टेबलावर पुढे वाकले.

"म्हणजे तू मला घर कुठलं म्हणून विचारलंस, ते…"

"तुमच्याकडून बातमी काढत होतो."

"लबाडा," अप्पा मराठीत म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्यांना हसू पण येत होतं. यामिनीने टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि त्यातला एक आधी मीच घेतला.

जरा वेळाने अप्पांनी नाक पुसलं, चष्मा लावला आणि विचारलं, "आता किती जण आहेत तुम्ही तिथे?"

"मोजत कोण बसलंय," दानलादी म्हणाला. मग त्याने मान वळवून गल्लीत हाक मारली. एका घरातून दोन बायका आल्या, दुसऱ्यातून पाठीला बाळ बांधलेली एक मुलगी आली, मागून पोरं, पोरांमागून म्हातारे. ह्याच माणसाने जागा मोकळी आहे म्हणून सांगितलं, असं दानलादी एकेकाला सांगत होता आणि ते सगळे फोनमध्ये डोकावत होते. अप्पा ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर भार देऊन उभे राहिले. रिफ्कातूने त्यांना बसायला सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. अनिकाच्या वहीतलं एक पान ओढून घेऊन ते म्हणाले, "वन बाय वन, प्लीज. तुझं नाव काय?"

एकेक जण नाव सांगायचा, अप्पा ते म्हणून बघायचे, चुकायचे, पुन्हा विचारायचे आणि लिहायचे. पाठीवरच्या बाळाचंही नाव त्यांनी विचारून घेतलं. याकुबूच्या फोनची बॅटरी संपली तेव्हा त्रेचाळीस नावं झाली होती आणि रांग गल्लीच्या वळणापर्यंत गेली होती.