उलटी बदकं

नातीसाठी शिवलेली पिशवी आठ दिवसांत तळाशी उसवली. बदकांच्या छापाचं कापड होतं. दोन्हीकडची बदकं सरळ दिसावीत म्हणून मी मुद्दाम दोन तुकडे कापून खाली जोडले होते.

माझ्या लहानपणी आईनेही मला अशीच पिशवी शिवली होती, पण अख्खं कापड मधोमध दुमडून. मागची सगळी बदकं डोक्यावर उभी! मी रुसले, तर म्हणाली, "अगं, ती पाण्यात दिसतायत."

आईला छाप बघून कापता येत नाही, असंच मी इतकी वर्षं समजत होते. पण तिची पिशवी पुस्तकांच्या ओझ्याने कधी उसवली नाही. तिच्या तळाला शिवणच नव्हती.

आज पुन्हा तेच कापड आणलं आणि मधोमध दुमडलं. नात विचारेलच. तिला काय सांगायचं, ते आई सांगून गेली आहे.