मालिनीताईंनी मोजलेले हात

कर्वेनगरातल्या अठ्ठेचाळीस बिऱ्हाडांच्या सोसायटीत मालिनी केतकर एकवीस वर्षं सेक्रेटरी होत्या. पाण्यावरून दोन मजले एकमेकांचं तोंड बघेनासे झाले की मधे पडायच्या त्या मालिनीताईच. दोन्ही घरचा चहा प्यायचा आणि दोघांनाही वाटायला लावायचं, की बाई आपल्याच बाजूच्या!

लेक स्नेहल आणि जावई सुबोध नेदरलँड्समध्ये, हेगजवळच्या फोरबर्गला राहतात, म्हणून दर उन्हाळ्यात तीन महिन्यांच्या व्हिसावर ताई इकडे येतात. पहिल्या वर्षी पार कंटाळल्या. दुसऱ्या वर्षी त्यांना वरच्या मजल्यावरची आमना सापडली. आमना सुदानची, हेगमध्ये ट्रॅम चालवते. पण कॉलेजची पाच वर्षं तिने पुण्यात काढलेली. जिन्यात पहिल्यांदा भेटली तेव्हा हवा हुंगत म्हणाली, "काकू, फोडणी?"

ताईंच्या हातातली पिशवी सुटायचीच बाकी राहिली. "तुला मराठी येतं?"

"थोडं थोडं. घरमालकीण बाईंनी शिकवलं. भाडं दे, नळ बंद कर, आवाज कमी कर."

यंदा मात्र आमना हसत नव्हती. तिची धाकटी बहीण तिकडे सुदानात, युद्धात वेढा पडलेल्या गावात अडकली होती. आठवड्यातून एखादा मेसेज यायचा, कधी तोही नाही. इकडे डच संसदेत एका खासदार बाईंनी ठराव मांडला होता, की सरकारने सुदानसाठी विशेष दूत नेमावा. मतदान पुढच्या मंगळवारी. त्याआधी आमना आणि तिच्या मैत्रिणी खासदारांना द्यायला सह्या गोळा करत होत्या.

"दूत येऊन करणार काय गं?" ताईंनी विचारलं.

"काकू, तुमच्या बिल्डिंगमध्ये भांडण झालं तर मधे कोण जातं?"

"मी."

"बस. आमच्यात कोणीच जात नाही."

ताईंनी चष्मा चढवला. "आण तो कागद."

शनिवारी सुबोधच्या ऑफिसातला प्रतीक आणि त्याची बायको चैत्राली यांच्या मुलाचा वाढदिवस होता. केक कापून होतो न होतो तोच ताई कागद घेऊन उभ्या. प्रतीक दचकला. "काकू, राजकारण नको हां. आम्ही इथे राहायच्या परमिटवर आहोत."

"सही मागतेय रे, बंदूक उचल नाही म्हणत."

"आई, ही माझ्या ऑफिसातली माणसं आहेत!" सुबोध दबक्या आवाजात म्हणाला.

"म्हणून तर आधी इथे आले. अनोळख्यांकडे उद्या जाणार आहे."

"पण काकू, तुम्हाला तर इथे मतही नाही!"

"मत नाही, पाय आहेत."

चैत्रालीने नवऱ्याकडे बघत पहिली सही ठोकली. मग काय, रांगच लागली. प्रतीकची सही शेवटची आणि सगळ्यांत मोठी.

मंगळवारी आमनाची नेमकी ड्यूटी आली. "काकू, तुम्ही बघून या. माझे डोळे तुम्ही." ताई पासपोर्ट दाखवून, फोन बंद करून प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसल्या. खाली अर्धी बाकं रिकामी. अध्यक्षबाई भराभर ठराव वाचत होत्या, हात वर होत होते, खाली येत होते. डच भाषा काही कळत नव्हती, पण 'सुदान' ऐकू आलं आणि ताई कठड्याला टेकल्या. मोजले. डावीकडे सात. मधे चार. कोपऱ्यात दोन. तेरा! दीडशेंच्या सभागृहात तेरा! अध्यक्षबाई एक शब्द बोलल्या, हातोडा टक्‌ वाजला आणि पुढचा ठराव सुरूही झाला.

एकवीस वर्षं हात मोजलेल्या बाईला वेगळं काय विचारायचं होतं? पडला.

वाईट बातमी फोनवर सांगायची नाही, हा ताईंचा नियम. फोन बंदच ठेवून त्या दोन नंबरच्या ट्रॅमने लायडस्खेनडामच्या शेवटच्या थांब्यावर गेल्या. तिथे आमनाला दहा मिनिटं सुट्टी मिळते. पाऊण तास बाकावर बसून त्या वाक्यं जुळवत होत्या. बाळ, हे बघ. बाळ, एकदा पडला म्हणून काय झालं.

ट्रॅम आली. आमना उतरली ती डोळे पुसतच आणि ताईंच्या गळ्यात पडली.

"कळलं का गं तुला? रडू नको बाळ, पुन्हा मांडू."

"काय मांडू? काकू, पास झाला! मैत्रिणीचा मेसेज आला!"

"छे! मी स्वतः मोजले. तेरा!"

आमना पोट धरून हसायला लागली. "काकू, इथे डोकी नाही मोजत, पक्ष मोजतात! एकाने हात वर केला की अख्खा पक्ष आला."

"गैरहजर असलेलेसुद्धा?"

"घरी झोपलेले पण!"

"अगं बाई! आमच्या सभेत असं कुणी केलं असतं तर मिटिंग उधळली असती!"

हसता हसता दोघी बाकावर बसल्या. ताईंनी हळूच विचारलं, "मग दूत निघणार कधी?"

"माहीत नाही. संसदेने सांगितलं. आता सरकार विचार करणार. महिने लागतील." आमनाने फोन काढला आणि बहिणीसाठी अरबीत निरोप रेकॉर्ड करत राहिली, बराच वेळ. मधेच 'मालिनी' ऐकू आलं. मेसेजवर एकच टिक उमटली, गेल्याची. पोचल्याची दुसरी उमटते का, ते दोघी बघत राहिल्या.

सुट्टी संपली. ताई चढल्या आणि ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसल्या.

"आमना, तो सरकारातला विचार करणारा माणूस. त्याचं ऑफिस कुठल्या थांब्यावर येतं?"

"सेंट्रल स्टेशन. का?"

"मग फोरबर्गला उतरत नाही मी."

"काकू, इथे आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागते!"

"तीच घ्यायला चाललेय. तू चालव."