मुलीच्या मागची जागा

ही गोष्ट सांगणं मी इतकी वर्षं टाळत आलो. मुलीचं लग्न बालीच्या किनाऱ्यावर झालं. बायकोच्या भावाला, वसंताला, मी सांगितलं होतं, "अरे, तिकडे विधीबिधी काही नाहीत. नुसते हार घालायचे. उगाच कशाला दगदग?" खरं कारण वेगळं होतं. त्याच्या हातांवर कोड होतं आणि व्याह्यांसमोर मला ते नको होतं.

विधी सगळे झाले. समुद्राच्या वाऱ्यानं अंतरपाट फुगत होता, धरणाऱ्यांना आवरत नव्हता. गुरुजींनी विचारलं, "मुलीचे मामा?" तेव्हा कुणीतरी फुलाफुलांचा शर्ट घातलेल्या वेटरलाच तिच्यामागे उभं केलं. सगळे हसले. मुलगी हसली नाही. एखाद्याची जागा भलत्यानं भरली की ती जास्तच रिकामी दिसते.

फोटो पाहून वसंताचा फोन आला. "दाजी, अंतरपाट तर दिसतोय की." मग म्हणाला, "सांगायचं होतंत. हातमोजे घालून आलो असतो."

मला सगळं नीट ऐकू येत होतं. तरी "आवाज तुटतोय रे" म्हणत मी फोन ठेवला. पुढच्याच वर्षी तो गेला. 'वसंता, चुकलो रे' एवढंच म्हणायचं होतं.